ब्लू-रे डिस्कवरील चित्रीकरण लहान फाइलमध्ये जतन करताना सॉफ्टवेअर कसे निवडावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील पुष्कळ घरांत लग्नाच्या अल्बमाशेजारी निळ्या प्लास्टिकच्या पातळ पेटीत ठेवलेली एखादी ब्लू-रे डिस्क सापडते. स्टुडिओवाल्याने ती दिली तेव्हा घरात प्लेअर होता, किंवा पुढेमागे घेण्याचा विचार तरी होता. आज प्लेअर बंद पडलेला असतो, नव्या लॅपटॉपला डिस्क घालण्याची सोयच नसते आणि घरातील मुले टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून सगळे पाहतात. ज्या मंडळाने वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे, किंवा ज्या गावाने आपल्या साहित्य संमेलनाचे चित्रीकरण करून ठेवले असेल, त्यांचीही अडचण याहून वेगळी नसते. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले, यावरून या माध्यमाची दिशा स्पष्ट होते. त्यामुळे डिस्क वाचणारे यंत्र कोठून तरी मिळते आहे तोवर तिच्यातील मजकूर फाइलच्या रूपात काढून घेणे शहाणपणाचे आहे.

हे काम करू इच्छिणारा नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, "कोणते सॉफ्टवेअर चांगले?" माझ्या मते हा प्रश्न थोडा लवकर विचारला जातो. या कामाचे मुळात दोन स्वतंत्र भाग आहेत. डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा संगणकावर उतरवणे हा पहिला भाग, आणि उतरवलेले चित्रीकरण पुन्हा एन्कोड करून, म्हणजे नव्याने दाबून साठवून, लहान करणे हा दुसरा. दोन्ही भाग उत्तम करणारा एकच प्रोग्राम क्वचितच भेटतो, आणि यांपैकी कोणता भाग तुम्हाला खरोखर करायचा आहे हे तुमच्या हातातील डिस्कवर ठरते. म्हणून सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी डिस्क तपासावी.

डिस्कवर नेमके काय आहे

डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून तिचे फोल्डर उघडा. आत 'बीडीएमव्ही' नावाचे फोल्डर, आणि त्यात 'स्ट्रीम' व 'प्लेलिस्ट' अशी उपफोल्डरे दिसली, तर ती रीतसर ब्लू-रे रचनेतील डिस्क आहे. प्रत्यक्ष चित्रीकरण स्ट्रीम फोल्डरमधील 'एमटूटीएस' फाइलींत असते आणि त्या कोणत्या क्रमाने चालवायच्या हे प्लेलिस्टमध्ये नोंदलेले असते. नवखे लोक येथे सर्वांत मोठी फाइल उचलून काम झाले असे समजतात. लग्नाच्या डिस्कवर मात्र हळद, लग्नविधी आणि वरात या वेगवेगळ्या फाइली असण्याची शक्यता दाट असते, त्यामुळे एकच फाइल घेतल्यास अर्धा समारंभ डिस्कवरच राहून जातो. प्लेलिस्ट वाचू शकणारे सॉफ्टवेअर वापरण्याचे कारण हेच.

डिस्कची एकूण व्याप्ती पाहिली की आणखी एक गोष्ट कळते. एका थराच्या ब्लू-रे डिस्कवर २५ जीबी आणि दोन थरांच्या डिस्कवर ५० जीबी मजकूर मावतो. तुमच्या डिस्कची क्षमता ४.७ जीबीच्या आसपास दिसत असेल, तर ती डीव्हीडीच आहे आणि तिच्यावर एव्हीसीएचडी या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या पद्धतीने एचडी चित्रीकरण घातलेले आहे. अशी डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्येही वाचता येते, त्यामुळे ब्लू-रे ड्राइव्ह शोधण्याचा खटाटोप वाचतो. काही स्टुडिओवाले ब्लू-रे डिस्कवर सरळ एमपीफोर फाइल टाकून देत. तसे असेल तर फाइल उचलून हार्ड डिस्कवर ठेवली की काम संपले. ती फाइल फारच मोठी असल्याशिवाय पुन्हा एन्कोड करू नये, कारण प्रत्येक एन्कोडिंगमध्ये चित्राचा थोडा तपशील कायमचा जातो.

तिसरा प्रकार दुकानातून विकत घेतलेल्या चित्रपटाच्या डिस्कचा. तिच्यावर एएसीएस नावाचे कूटबद्ध संरक्षण असते, काहींवर बीडी प्लस हा आणखी एक थर असतो, आणि तिच्यातील फाइली नुसत्या कॉपी करून चालत नाहीत. स्टुडिओत तयार झालेल्या लग्नाच्या डिस्कवर असे संरक्षण सहसा नसते. या एका फरकामुळे घरगुती डिस्कचे काम पुष्कळ सोपे होते, तरीही लोक विनाकारण महागडी सॉफ्टवेअर घेतात.

कायद्याबाबत थोडे

तुमच्या घरच्या समारंभाची प्रत घरातील वापरासाठी करताना कोणी हरकत घेण्याचा प्रसंग सहसा येत नाही. विकत घेतलेल्या चित्रपटाचे तसे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी तरतूद या कलमात आहे. त्याच कायद्याचे कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त उपयोगास सूट देते. परंतु संगणक प्रोग्रामची राखीव प्रत करण्याची मुभा जशी स्पष्ट शब्दांत दिलेली आहे, तशी चित्रपटाच्या डिस्कसाठी दिलेली नाही. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची स्वतःपुरती प्रत ठेवणे आणि मित्राकडून किंवा भाड्याने आणलेल्या डिस्कची प्रत काढणे यांतील अंतर ओळखावे. दुसऱ्या गोष्टीचे समर्थन कोणत्याही कलमात शोधू नये. या लेखातील पुढील विवेचन मुख्यतः घरच्या आणि संस्थेच्या स्वतःच्या चित्रीकरणाला धरून आहे.

ड्राइव्ह आणि डिस्कची अवस्था

ब्लू-रे वाचण्यासाठी ४०५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा निळसर जांभळा लेझर लागतो, तर डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा लाल असतो. म्हणूनच डीव्हीडी ड्राइव्ह कोणत्याही सॉफ्टवेअरच्या मदतीने ब्लू-रे वाचू शकत नाही. यूएसबीला जोडता येणारा बाह्य ब्लू-रे ड्राइव्ह मिळाल्यास उत्तम. एकदोन डिस्कसाठी नवा ड्राइव्ह घेण्यापेक्षा ज्या स्टुडिओने डिस्क दिली त्यांच्याकडे विचारून पाहावे. जुन्या स्टुडिओंकडे तो पडून असतो आणि चार तासांसाठी देण्यास ते सहसा नाही म्हणत नाहीत. ड्राइव्ह जोडल्यावर तो मध्येच बंद पडत असेल, तर दोष बहुधा विजेच्या अपुऱ्या पुरवठ्याचा असतो. अशा वेळी लॅपटॉपचे दुसरे पोर्ट वापरावे किंवा स्वतंत्र वीज असलेला यूएसबी हब लावावा.

आपल्या भागात पावसाळ्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूला, घरातील कपडेही आठवडाभर ओलसर राहतात, आणि तेथील कपाटातून काढलेल्या डिस्कवर बुरशीचे पांढुरके ठिपके असणे नवलाचे नाही. डिस्क मऊ, न झडणाऱ्या सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी; गोल फिरवून पुसल्यास ओरखडा डेटाच्या दिशेने पडतो आणि ड्राइव्हच्या त्रुटी-दुरुस्ती यंत्रणेला तो भरून काढणे अवघड जाते. ब्लू-रेचा डेटा थर पृष्ठभागापासून अवघा ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असतो. त्यामुळे वरचे कठीण आवरण चांगले असले तरी जोरात घासण्याचा मोह टाळावा.

वाचनास लागणारा वेळ आधीच समजून घ्यावा. ब्लू-रेचा एकपट वेग सेकंदाला ४.५ एमबी असतो, म्हणजे २५ जीबीची पूर्ण भरलेली डिस्क एकपट वेगाने वाचण्यास सुमारे दीड तास लागतो. ड्राइव्ह याहून जलद चालतात, परंतु डिस्क खराब असेल तर ते आपोआप वेग कमी करतात. कॉपी एकाच जागी अडकून राहत असेल, तर विंडोजच्या साध्या कॉपीने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नयेत. लिनक्सवर चालणारा 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम अशा कामासाठीच बनवलेला आहे: तो आधी चांगला भाग भराभर वाचून घेतो, अवघड जागांची नोंद ठेवतो आणि नंतर सावकाश त्या जागांकडे परततो. त्यातून मिळालेली आयएसओ प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधील प्रत, पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरला देता येते.

सॉफ्टवेअरची निवड

संरक्षण नसलेली डिस्क असेल, तर बीडीएमव्ही फोल्डर तसेच संगणकावर उतरवून घ्यावे आणि 'हँडब्रेक' या मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रामला ते फोल्डर दाखवावे. तो प्लेलिस्ट वाचून शीर्षकांची, म्हणजे डिस्कवरील सलग चालणाऱ्या चित्रीकरणांची, यादी देतो, प्रत्येक शीर्षकाची लांबी दाखवतो आणि हवे ते शीर्षक एमपीफोर किंवा एमकेव्ही फाइलमध्ये बदलून देतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो चालतो. डिस्कवरील मेनू मात्र त्यात येत नाही. तो स्टुडिओने कितीही नक्षीदार बनवलेला असला तरी फारसे कोणी त्याची आठवण काढत नाही.

हँडब्रेकची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. तो चित्र प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतो, मूळ चित्र न बदलता दुसऱ्या फाइलमध्ये ठेवण्याची सोय त्यात नाही. संरक्षित डिस्क तर तो वाचूच शकत नाही. मूळ दर्जाची, काहीही न बदललेली प्रत हवी असेल, तर 'मेकएमकेव्ही' हा दुसरा प्रोग्राम उपयोगी पडतो. तो डिस्कवरील निवडलेले शीर्षक चित्र, आवाज आणि उपशीर्षकांसह एका एमकेव्ही फाइलमध्ये गुंडाळतो. दर्जा तोच राहतो आणि आकारही जवळजवळ तेवढाच राहतो. हा प्रोग्राम बीटा अवस्थेत असेपर्यंत मोफत वापरता येतो, मात्र त्यासाठी निर्माते वेळोवेळी प्रसिद्ध करत असलेली तात्पुरती कळ (अक्षर-अंकांचा परवाना संकेत) घालावी लागते, आणि तिची मुदत संपली की नवी घ्यावी लागते. घरगुती डिस्कच्या बाबतीतही मेकएमकेव्ही मला सोयीचा वाटतो, कारण पसरलेल्या चारपाच फाइली तो प्लेलिस्टप्रमाणे जोडून एकच फाइल देतो, आणि तीच फाइल पुढे हँडब्रेकला देता येते.

थोडा अनुभव आल्यावर 'एफएफएमपेग' कडे वळता येईल. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण वीस डिस्कचे काम एका ओळीत लावून देण्याची ताकद त्याच्याकडे आहे. नुसत्या फाइली जोडायच्या, तोडायच्या किंवा नको असलेला आवाजाचा पट्टा काढायचा असेल, तर 'एमकेव्हीटूलनिक्स' हे काम चित्राला हात न लावता काही मिनिटांत करते. पहिल्या डिस्कसाठी या दोहोंची गरज नाही.

राहिला प्रश्न विकतच्या, 'एका क्लिकमध्ये ब्लू-रे रूपांतर' अशी जाहिरात करणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्यांतील काही खरोखर चांगली आहेत आणि ज्याला रोजचे धंद्याचे काम आहे त्याचा त्यांनी वेळ वाचतो. पण अनेकांच्या चाचणी आवृत्तीत चित्रावर कंपनीचा शिक्का उमटतो किंवा थोड्या मिनिटांपुरतेच रूपांतर होते, आणि हे पूर्ण काम झाल्यावर लक्षात येते. त्यांच्या आत चित्र लहान करणारे यंत्र अनेकदा एक्स२६४ किंवा एक्स२६५ हेच मुक्तस्रोत एन्कोडर किंवा ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर असतो. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. दर्जा स्थिर ठेवून एन्कोड करण्याची सोय आहे का, इंटरलेस (दोन अर्ध्या चित्रांची मिळून एक चौकट असलेले) चित्र हाताळण्याचे पर्याय आहेत का, आणि शुल्क एकदाच द्यायचे की दरवर्षी? ही उत्तरे ज्यांच्या संकेतस्थळावर सापडत नाहीत, त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

कोणताही प्रोग्राम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधयंत्रात वरच्या जागी दिसणारी जाहिरात अधिकृत असेलच असे नाही. मे २०१७ मध्ये तर खुद्द हँडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवर घुसखोरी होऊन मॅकसाठीच्या फाइलच्या जागी घातक प्रोग्राम ठेवला गेला होता. संकेतस्थळावर फाइलसोबत दिलेली चेकसम संख्या, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडण्याची खूण, पडताळण्याची सवय त्यामुळे व्यर्थ म्हणता येत नाही.

आकाराचा हिशेब

किती जागा लागेल हे आधी कागदावर काढता येते. चित्राचा वेग सेकंदाला जितके मेगाबिट असेल, त्याला तासांनी आणि ०.४५ ने गुणले की फाइलचा आकार जीबीमध्ये मिळतो. तीन तासांचे लग्न १६ मेगाबिट वेगाने डिस्कवर असेल तर ते २१.६ जीबी होते. तेच ५ मेगाबिटांवर आणल्यास ६.७५ जीबी. आवाजाचाही वाटा असतो. डिस्कवर न दाबलेला दोन वाहिन्यांचा एलपीसीएम आवाज असेल, तर तो एकटाच तासाला सुमारे ०.७ जीबी खातो, आणि तोच १६० किलोबिट वेगाच्या एएसी आवाजात बदलला की तासाला ०.०७ जीबीच उरतो. सनई-चौघडा आणि मंगलाष्टकांच्या ध्वनिमुद्रणात या बदलाने कानाला जाणवेल असा फरक सहसा पडत नाही. शास्त्रीय मैफलीचे चित्रीकरण असेल तर २५६ किलोबिट ठेवावे किंवा मूळ आवाज तसाच राहू द्यावा.

पण फाइलचा आकार आधी ठरवून काम सुरू करू नये. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट क्वालिटी' हा पर्याय निवडून एक आकडा द्यायचा असतो. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. पूर्ण एचडी चित्रासाठी २० ते २४ हा पल्ला हँडब्रेकचे कर्ते स्वतः सुचवतात. हा आकडा सुमारे सहाने वाढवला की आकार साधारण निम्मा होतो, हे अंदाजासाठी पुरेसे आहे. लग्नासाठी २० किंवा २१ पासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण समारंभ पुन्हा घडवता येत नाही आणि वाचलेल्या दोन जीबींची किंमत आज फार नाही.

कोडेकची, म्हणजे चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीची, निवड आपला टीव्ही काय चालवतो ते पाहून करावी. एच.२६४ जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर आणि मोबाइलवर चालतो. एच.२६५ तेवढ्याच दर्जाला तिसरा हिस्सा ते निम्मी जागा वाचवू शकतो, पण एन्कोडिंगला कितीतरी अधिक वेळ घेतो आणि जुने टीव्ही तो ओळखत नाहीत. मामा-मावशींच्या घरी प्रती जाणार असतील तर एच.२६४ घ्यावा. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर काम काही पटींनी लवकर संपवतो, मात्र त्याच दर्जासाठी फाइल मोठी होते. घाईच्या मिरवणुकीच्या फाइलसाठी तो चालेल, कायमच्या प्रतीसाठी सॉफ्टवेअर एन्कोडरच बरा.

चित्रावर आडव्या रेघा का दिसतात

ज्या मुद्द्यावर सर्वाधिक प्रती बिघडतात तो येथे येतो. आपल्याकडील व्हिडिओ कॅमेरे दीर्घकाळ ५० आय या इंटरलेस पद्धतीने चित्रीकरण करत: सेकंदाला २५ चौकटी, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे सम आणि विषम रेघांची मिळून बनलेली. ही दोन अर्धी चित्रे एकाच क्षणाची नसतात. त्यामुळे संगणकावर चित्र थांबवून पाहिले तर वरातीत नाचणाऱ्याच्या हाताच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. आपल्या डिस्कवर असे आहे का हे पाहण्यासाठी व्हीएलसी प्लेअरच्या व्हिडिओ मेनूतील 'डीइंटरलेस' बंद करून एखादा हालचालीचा प्रसंग थांबवावा.

दात दिसले तर हँडब्रेकच्या फिल्टर विभागात इंटरलेस ओळखण्याचा पर्याय चालू ठेवून डीइंटरलेससाठी 'डीकॉम्ब' किंवा 'बीडब्ल्यूडिफ' निवडावा. मूळच्या साध्या पर्यायाने दोन अर्ध्या चित्रांचे एक चित्र होते आणि सेकंदाला २५ चौकटी मिळतात. रेघा जातात, पण हालचालीचा निम्मा ओघही जातो. 'बॉब' हा उपपर्याय प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चौकट तयार करून सेकंदाला ५० चौकटी देतो. लेझीम, झांजपथक आणि ढोल-ताशाच्या चित्रीकरणाला याचाच उपयोग होतो. परंतु येथे एक खोच आहे. हँडब्रेकचे बरेचसे तयार संच (प्रीसेट) '१०८०पी३०' या नावाचे असून त्यांत चौकटींची कमाल मर्यादा ३० ठेवलेली असते, त्यामुळे बॉब निवडूनही ५० चौकटी मिळत नाहीत आणि चित्र अडखळते. चौकटींच्या वेगाच्या खान्यात ५० ही संख्या स्वतः निवडावी.

मांडवातील कमी उजेडात काढलेल्या चित्रावर जी रवाळ खळबळ दिसते, ती एन्कोडरची बरीच ताकद खाते. ती घालवण्याचे फिल्टर आहेत. पण ते जोरात लावले की शालूची जर आणि चेहऱ्यावरील बारीक रेषाही पुसल्या जातात, आणि काम कमालीचे मंदावते. सर्वांत सौम्य मात्रेपलीकडे जाऊ नये.

आधी पाच मिनिटे, मग तीन तास

पूर्ण डिस्क लावून देण्याआधी तिच्यातील सर्वांत अवघड पाच मिनिटे निवडून तेवढ्याचीच चाचणी घ्यावी. हँडब्रेकमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा सेकंद देऊन हे करता येते. अवघड प्रसंग म्हणजे ज्यात चित्रातील पुष्कळ गोष्टी एकाच वेळी आणि वेगवेगळ्या दिशांनी बदलतात: अंगावर पडणाऱ्या अक्षता, उधळलेला गुलाल, वरातीतील फटाके, मिरवणुकीतील फिरते दिवे. पंगतीचे संथ चित्र कोणत्याही आकड्यावर चांगले दिसते आणि म्हणूनच त्यावरून काहीही कळत नाही. अक्षतांच्या प्रसंगात चौकोनी ठोकळे दिसत नसतील, तर बाकीची डिस्क त्याच आकड्यावर निश्चिंतपणे सोडावी. चाचणीची फाइल संगणकावर न पाहता ज्या टीव्हीवर ती पुढे चालणार आहे त्यावरच पाहावी.

उपशीर्षकांचा विचार घरगुती डिस्कला लागू होत नाही. विकत घेतलेल्या डिस्कवर मात्र ती अक्षरांच्या रूपात नसून चित्रांच्या रूपात असतात. एमकेव्हीमध्ये ती तशीच ठेवता येतात. एमपीफोर निवडल्यास हँडब्रेक एखादे उपशीर्षक चित्रावर कायमचे छापू शकतो, नंतर बंद करता येईल असा वेगळा पट्टा मात्र ठेवत नाही. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारी माणसे असतील तर या एका कारणासाठी एमकेव्ही निवडावे. 'सबटायटल एडिट' हा मोफत प्रोग्राम टेसरॅक्ट या अक्षर-ओळख प्रोग्रामच्या साहाय्याने चित्रांतील अक्षरे ओळखतो आणि टेसरॅक्टमध्ये मराठी व कन्नड या दोन्हींची सोय आहे. जोडाक्षरांत चुका राहतात, त्या हाताने सुधाराव्या लागतात.

रात्रीचे काम आणि वीज

तीन तासांचे चित्रीकरण जुन्या लॅपटॉपवर एच.२६५ मध्ये बदलण्यास संपूर्ण रात्र सहज जाऊ शकते. हेस्कॉमची वीज मध्येच गेली तर डेस्कटॉप बंद पडतो, हँडब्रेकला सोडलेल्या जागेपासून पुढे जाता येत नाही, आणि अर्धवट राहिलेली एमपीफोर फाइल बहुधा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते. अर्धवट एमकेव्ही फाइल निदान तेथपर्यंत पाहता येते. खेड्यात राहणाऱ्यांनी यावर सोपा मार्ग काढावा: शीर्षकातील प्रकरणांनुसार हळद, लग्न, व्याहीभोजन आणि वरात असे स्वतंत्र तुकडे करून ते हँडब्रेकच्या रांगेत लावावेत. वीज गेली तर एकच तुकडा पुन्हा करावा लागतो, आणि पाहणाऱ्यालाही हवा तो भाग चटकन सापडतो. लॅपटॉप कठीण, सपाट जागेवर ठेवावा. गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि सकाळी काम निम्मेच झालेले आढळते.

तपासणी, साठवण आणि वाटप

फाइल तयार झाल्यावर तिची लांबी मूळ शीर्षकाच्या लांबीशी ताडून पाहावी. नंतर सुरुवात, मध्य आणि विशेषतः शेवट उघडून ओठांची हालचाल आणि आवाज जुळतात का ते पाहावे, कारण आवाज मागे पडत गेला असेल तर तो शेवटीच स्पष्ट दिसतो. कडेची काळी पट्टी कापण्याचे काम हँडब्रेक आपोआप करतो. अंधाऱ्या प्रसंगांमुळे तो कधी फसतो, म्हणून चित्राची रुंदी-उंचीही एकदा पाहावी.

पेन ड्राइव्हवर टाकताना 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश आला, तर दोष फाइलचा नसतो. एफएटी३२ पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल ठेवताच येत नाही. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावा, मात्र आधी त्यावरील मजकूर दुसरीकडे हलवावा आणि आपला टीव्ही यांपैकी काय वाचतो ते पाहावे. फाइलीला नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आधी लिहावी म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. देवनागरी नावे संगणकावर नीट दिसली तरी काही जुन्या टीव्हींवर त्यांच्या जागी नुसते चौकोन उमटतात, तेथे रोमन अक्षरे वापरण्यावाचून इलाज नाही.

मूळ बीडीएमव्ही फोल्डर किंवा मेकएमकेव्हीची न बदललेली फाइल जागेअभावी लगेच पुसू नये. लहान फाइल पाहण्यासाठी आणि मोठी जपण्यासाठी, असा विचार ठेवला तर दहा वर्षांनी अधिक चांगला कोडेक आल्यावर पुन्हा मूळ दर्जापासून सुरुवात करता येते. मोठी प्रत दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि त्यांतील एक पुण्याला किंवा बेंगळुरूला असलेल्या नातेवाइकाकडे असावी. डिस्कही टाकून देऊ नये. सिलिका जेलची पुडी घातलेल्या बंद डब्यात ती उभी ठेवावी.

नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर फाइल व्हिडिओ म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवल्यास व्हॉट्सॲप ती आणखी एकदा दाबते आणि रात्रभर केलेले काम वाया जाते. दस्तऐवजाची मर्यादा २ जीबी आहे, त्यामुळे वरातीचा किंवा मंगलाष्टकांचा एकेक तुकडा सहसा बसतो. पूर्ण लग्न मागणाऱ्यांना पेन ड्राइव्ह घेऊन घरी यायला सांगावे.